सेमिनारचं आवतण

"विश्राम, खाली एक बस उभी आहे," दार ढकलून आत येत प्रोफेसर तमार म्हणाल्या. "त्यातली माणसं तुझं नाव घेताहेत."

मी निबंधाची पानं पुन्हा एकदा लावून बघत होतो. खिडकीशी जाऊन खाली पाहिलं. बसच्या दारातून एकेक म्हातारं माणूस उतरत होतं. बायका जरीकाठी पातळं नेसलेल्या, पुरुष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांत. दोघीतिघींच्या हातांत फडक्याने तोंड बांधलेली पातेली होती. चाळीसेक तरी माणसं असतील, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत सेगुलामावशी आवासकर.

"कोण आहेत हे लोक?"

"माझी साधनं," मी म्हणालो. "म्हणजे, ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते."

"आणि तुझी साधनं लग्नाला निघाल्यासारखी का दिसताहेत?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. ते इंग्रजीत कसं सांगायचं हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. अलिबागजवळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. शिकवायचो म्हणजे फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचो. पुस्तकांत मान घालून बसलेलं असताना मी बरा असे, चारचौघांत उभं केलं की घसा मिटे. आमच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल लोकांवर मी एक लेख लिहिला होता. हे मराठी बोलणारे यहुदी. कित्येक पिढ्या आमच्याच गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी मात्र घाण्याला हात लावला नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीतली त्यांची घरं एकेक करून रिकामी झाली आणि माणसं इस्रायलला गेली. त्या लेखाच्या जोरावर इस्रायलच्या दक्षिणेतल्या, वाळवंटाच्या काठावरच्या एका विद्यापीठाने मला बोलावलं. तिथे आधुनिक इस्रायलचा इतिहास आणि समाज यांच्या अभ्यासाचं एक केंद्र होतं. देशोदेशीच्या अभ्यासकांना ते वर्षभराची पाठ्यवृत्ती देत असे. मला वाटलं, चुकून बोलावलं असणार. अजूनही अधूनमधून वाटतं.

ते वर्ष आता संपत आलं होतं. दुसरं वर्ष मिळालं तर पुस्तक पुरं होणार होतं, नाहीतर अर्धवट कागद घेऊन परत अलिबागच्या फळ्याकडे तोंड करायचं होतं. निर्णय दोघांच्या हाती होता. एक तमार, केंद्राच्या संचालक. दुसरे प्रोफेसर लांडाऊ, उंच, करड्या भुवयांचे, आणि त्यांनी मला व्हरांड्यात आधीच सांगून टाकलं होतं, "मिस्टर थळे, विषय गोड आहे. पण हा हिंदुस्थानचा विषय आहे. याला इस्रायली समाजाचा अभ्यास कसं म्हणायचं, हे तुम्ही मला सेमिनारमध्ये पटवून द्या."

आता आवतणाविषयी. तमार मला म्हणाल्या होत्या, "सेमिनार सर्वांना खुलं असतं. तुझ्या लोकांनाही कळव." कळव म्हणजे एक सूचना लावून ये, एवढाच त्यांचा अर्थ. पण वयाने मोठ्या माणसांना भिंतीवरच्या कागदाने बोलवायचं मला जमेना. आमच्याकडे घरात कार्य असलं की उंबऱ्याउंबऱ्यावर जाऊन आवतण करतात, आणि एका आळीतलं एक घर वगळून पुढे गेलं तर ते घर आयुष्यभर लक्षात ठेवतं. ही माणसं राहत त्या तासाभरावरच्या गावातल्या इमारतींचे जिने मी चढलो. प्रत्येक दाराशी हात जोडले आणि म्हणालो, "माझ्या घरचं कार्य आहे, यायचं हं." तोंडातून सवयीने तेच शब्द गेले. वाटलं, भिडेखातर चौघं येतील.

खोलीत पंधरा खुर्च्या होत्या. तमारनी शेजारच्या दोन वर्गांतून बाकं आणवली. लांडाऊ पहिल्या रांगेत येऊन बसले, तर सॅमसनकाका कोर्लेकर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "पावणं, जरा सरकून घ्या. बायकामाणसं उभी आहेत." लांडाऊंना शब्द कळले नाहीत, हात कळला. ते सरकले.

पातेली मागच्या टेबलावर मांडली गेली. "मलिदा आहे हो," एक बाई मला मोठ्याने सांगू लागल्या. गूळखोबरं घातलेले ते गोड पोहे, शुभकार्याला एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात ते. "नारळ इथे मेला कसला मिळतो! पण तुमचं पहिलंच कार्य, म्हणून केला."

सेगुलामावशी उजवीकडच्या भिंतीशी बसल्या. मग दारातून एकट्याच रिबकामावशी आल्या आणि पार डावीकडे जाऊन बसल्या. या दोघी नणंद-भावजय. एकाच जिन्यावर समोरासमोर राहायच्या आणि तीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून, हे मुलाखतीत विचारलं तेव्हा दोघींनी मला चहा दिला होता आणि विषय बदलला होता. दोन दारं समोरासमोर, एकाला आवतण करून दुसऱ्याला कसं टाळायचं? मी दोघींनाही केलं. प्रत्येकीला वाटलं असणार की दुसरीला केलं नसेल.

"सुरू कर," तमार म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. पहिलं पान माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मास्तर, मोठ्याने!" मागून हाक आली. "घाबरता कशाला? आपलीच माणसं आहेत!"

"आणि काय वाचताय ते आम्हालाही सांगा की," दुसरा आवाज. "आमचं नाव येऊन गेलं का?"

तमार हसल्या आणि म्हणाल्या, दर परिच्छेदानंतर दोन वाक्यं मराठीत सांग. तसं करू लागलो आणि काय झालं कोण जाणे, त्या दोन वाक्यांसाठी मान वर करावी लागे, समोरचे चेहरे दिसत, कोणी मान डोलावी, कोणी शेजाऱ्याला कोपर मारी. आवाज आपोआप सुटत गेला.

निबंध एका धरण्यावर होता. साठच्या दशकात या लोकांच्या लग्नांना तिथे अडथळा येऊ लागला होता. तुम्ही खरे यहुदी कशावरून, तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, याची धर्मगुरूंकडून चौकशी झाल्याशिवाय लग्न लावून मिळेना. तेव्हा ही माणसं बायकामुलांसकट राजधानीत जाऊन एका मोठ्या कचेरीसमोर बसली. उघड्यावर स्वयंपाक केला, उघड्यावर झोपली. एकच ठराव होता: चौकशीला कोणीही जायचं नाही. शेवटी सरकारला ऐकावं लागलं. मला मुलाखतींत सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं, आणि माझ्या निबंधाचा कणाच तो होता, की पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकही घर धरण्यातून उठलं नाही. परक्या देशात आलेल्या, गरीब, भाषा न येणाऱ्या लोकांनी ही एकजूट कशी टिकवली, यातून इस्रायली समाज समजतो, असा माझा दावा होता.

ते वाक्य मी इंग्रजीत वाचलं. लांडाऊंनी प्रथमच काहीतरी लिहून घेतलं. मग मी तेच मराठीत सांगितलं, जरा जोरातच. टाळ्या पडल्या.

"खोटं आहे, मास्तर."

सेगुलामावशी. बसल्या जागेवरूनच, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"सगळी तोंडावर हात ठेवून बसलीत म्हणून काय झालं? शाळेत खोटं कशाला शिकवायचं? एक घर उठलं होतं."

टाळ्या थांबल्या. चाळीस माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली.

"ती काय म्हणाली?" लांडाऊंनी विचारलं.

त्या क्षणी मला सहज म्हणता आलं असतं, त्या अभिनंदन करताहेत. खोलीतल्या कोणीही मला उघडं पाडलं नसतं. उलट सुटल्यासारखं वाटलं असतं सगळ्यांना. माझं दुसरं वर्ष त्या एका वाक्यावर उभं होतं. पण मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या की मला खोटं सांगायची बुद्धीच झाली नाही.

"त्या म्हणतात, मी लिहिलंय ते चूक आहे. एक घर उठलं होतं."

लांडाऊ ताठ बसले. म्हाताऱ्या कुत्र्याला वास यावा तसे. "कोणतं घर?"

मी विचारलं नाही, तरी उत्तर आलं. काठी उचलून मावशींनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाखवली. "ती बसलीय ना, माझी नणंद. तिलाच विचारा."

रिबकामावशी उठल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हातात पर्स घट्ट धरलेली.

"मावशी, बोललंच पाहिजे असं काही नाही," मी म्हणालो.

"नाय कसं? तीस वर्षं गावाने मला ऐकवलं. विचारलं कोणीच नाय. आता हा गोरा विचारतोय तर सांगते."

लांडाऊंनी त्यांना हिब्रूत काहीतरी म्हटलं. बहुधा, सावकाश सांगा. मावशींनी मान हलवली. "हिब्रूत मी भाजी आणते. हे मराठीतच सांगणार. मास्तर, माझ्या तोंडचं जसंच्या तसं सांगाल?"

"सांगेन."

आणि त्या बोलत गेल्या, मी सांगत गेलो. त्या 'मी' म्हणाल्या की मीही 'मी' म्हणे.

"माझं लग्न ठरलं होतं. धरण्यात मी पुढच्या रांगेत बसायची. आई इकडे घरी अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिना काढेल, फार तर. तिचं एकच, रिबकाचं लग्न बघूनच डोळे मिटणार. एका सकाळी मी उठले आणि चौकशीला गेले. पंधरवड्यात लग्न झालं. आईने बघितलं. धरण्यातलं एक माणूस आलं नाय. ही माझी सख्खी भावजय, हीसुद्धा नाय."

"का यावं?" सेगुलामावशी गरजल्या. "माझा नवरा धरण्याचा पुढारी! उन्हात घसा फोडून भाषणं करत होता, आणि त्याचीच बहीण जाऊन बसली त्या लोकांच्या दारात! भर सभेत तुझं नाव घेऊन बोलावं लागलं त्याला. त्या रात्री जेवला नाही तो."

"ठाऊक आहे मला."

"तुला काय ठाऊक?"

"वहिनी," रिबकामावशी म्हणाल्या, आणि खोलीत कोणीतरी श्वास आत ओढल्याचं मला ऐकू आलं, "मला तिथे दादाच घेऊन गेला होता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

"पहाटेच्या बसने. कोपऱ्यावर थांबला, आत नाय आला. म्हणाला, रिबका, आईसाठी हे करायला पाहिजे. पण पुढाऱ्याच्या घरात फूट पडली आणि पुढाऱ्यानेच पाडली, असं कळलं तर उद्या पन्नास घरं उठतील. म्हणून तू आपल्या मनाने गेलीस असं म्हण. मी म्हटलं, तेवढ्याने नाय भागणार, दादा. तू भाषणात मला चार शिव्या दे. तरच लोक बसून राहतील. त्याने दिल्या. चांगल्या दिल्या. आणि लोक बसून राहिले, का नाय?"

सेगुलामावशींचं तोंड उघडं राहिलं होतं. काठी हातातून सटकली, ती सॅमसनकाकांनी उचलली.

"मेला मला बोलला नाही," त्या पुटपुटल्या. "मरेपर्यंत बोलला नाही." हे मी कोणाला सांगितलं नाही. ते कोणासाठी नव्हतंच.

लांडाऊंचं पेन धावत होतं. "तिला विचारा," ते घाईने म्हणाले, "आत काय झालं? कार्यालयात? याची प्रत्यक्ष हकिगत आमच्याकडे एकही नाही. काय विचारलं, तिने काय सांगितलं?"

मी विचारलं. आणि रिबकामावशींच्या चेहऱ्यावर, एवढं सगळं सांगून झाल्यावर, हळूच हसू आलं.

"काय विचारणार? आईचं नाव. सांगितलं. आईच्या आईचं. सांगितलं. तिच्या आईचं. तेही सांगितलं. तर मेला कारकून थांबेचना! आणखी वर, आणखी वर. आमच्यात कोण एवढी नावं ठेवतो लक्षात? गप्प राहिले तर लग्न अडतंय. मग म्हटलं, द्यावीत ठोकून. शेजारणींची नावं सांगायला लागले. सोनाबाई म्हात्रे माझी खापरपणजी झाली!"

मग मागच्या बाकावरून एक ठसका आला, आणि सगळी खोली फुटली. माणसं बाकांवर हात आपटून हसत होती. आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागणार नाही: म्हात्रे म्हणजे आगरी. भातशेती करणारी, मिठागरं राखणारी, गणपतीत नाचणारी आमची माणसं. त्या सोनाबाईला शनिवार काय आणि रविवार काय!

"कोण, ती कोपऱ्यावरची सोना? सुकी मासळी विकणारी?" सॅमसनकाका डोळे पुसत ओरडले.

"तीच! आणि तिच्या वर तिची सासू!"

"मग आगरी झालात की तुम्ही!"

"झाले! म्हणजे हे थळे मास्तर माझे भाऊबंदच लागतात!"

मीही हसत होतो. आयुष्यात चारचौघांत इतका मोठ्याने कधी हसलो नव्हतो. त्यामुळे लांडाऊंचा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांदा विचारला तेव्हाच मला ऐकू आला.

"मिस्टर थळे! ती काय म्हणाली? सगळे का हसताहेत?"

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, आणि काय वाक्य होतं! अख्ख्या चौकशीचा निकाल एका मासळीवालीच्या नावाने लागलेला. जगातल्या कुठल्याही सेमिनारने डोक्यावर घेतलं असतं.

"मास्तर, हे सांगू नका."

सेगुलामावशी उभ्या होत्या. काठीशिवाय.

"तिची मुलं लग्नाची आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकदा कागदावर गेलं की कागद कुठे फिरेल सांगता येत नाही. हे घरातलं आहे. घरातच राहू द्या."

हसू ओसरलं. सगळे माझ्याकडे बघत होते. रिबकामावशीसुद्धा, त्यांच्या आता लक्षात आलं होतं, आपण काय बोलून गेलो ते.

"त्या म्हणाल्या," मी लांडाऊंना सांगितलं, "त्यांनी आपल्या आज्यापणज्यांची नावं सांगितली."

"यात हसण्यासारखं काय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. सांगणार नाही."

त्यांच्या भुवया वर चढल्या. "तुम्ही अभ्यासक आहात. पुरावा तुमच्या खिशात ठेवून मी निर्णय कसा द्यायचा?"

"नाही देता येणार," मी म्हणालो. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "जे छापून चालेल ते सगळं तुम्हाला सांगितलं. हे माझं नाही, म्हणून मला देता येत नाही."

बरोबर केलं की चूक, यावर मी अजूनही अधूनमधून स्वतःशी वाद घालतो. आज लिहितोय, कारण नावं मी बदलली आहेत, त्या मुलांची आणि त्यांच्याही मुलांची लग्नं झाली, आणि जाण्याआधी रिबकामावशींनी मला फोनवर सांगितलं होतं, "मी गेल्यावर खुशाल लिहा. हसतील तरी."

लांडाऊ मात्र सोडणारे नव्हते. ते वळले आणि खोलीला उद्देशून हिब्रूत विचारू लागले. इथे तीस वर्षं राहिलेली माणसं. कारखान्यांत, बसडेपोत, दवाखान्यांत हिब्रूतच आयुष्य काढलेली. त्यांनी सॅमसनकाकांना विचारलं. काका कानामागे हात धरून गोंधळल्यासारखे बघत राहिले. शेजारच्या बाईला विचारलं. तिने मोठ्या आदराने मान डोलावली आणि मराठीत म्हणाली, "बसा ना, मलिदा देते." तिसऱ्याने नुसतेच हात जोडले. सगळी खोली एका दमात हिब्रू विसरली होती. लांडाऊ एकेका चेहऱ्याकडे बघत रांगेच्या टोकापर्यंत गेले, आणि टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून सेगुलामावशी बसल्या होत्या, अगदी निष्पाप चेहऱ्याने.

तमार हे सगळं बघत होत्या. आता त्यांना हसू आवरेना.

"लांडाऊ, खाली बसा," त्या म्हणाल्या. "हे धरणं आहे. आणि आपण कचेरीत आहोत."

लांडाऊ उभेच राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, संपलं.

"मिस्टर थळे," ते म्हणाले, "तुमचा निबंध चुकीचा आहे. एक घर उठलं होतं, आणि ते उठलं म्हणून बाकीची बसली. पुन्हा लिहा. वर्षभर लागेल."

"म्हणजे..."

"सरकारशी भांडायचं, घरात एकमेकांशी त्याहून जास्त भांडायचं, आणि बाहेरच्याने विचारलं की ओठ शिवून बसायचं. हा हिंदुस्थानचा विषय असेल असं मला वाटलं होतं." त्यांनी भुवया चोळल्या. "माझी आई पोलंडची. तिच्या माहेरचे सगळे असेच होते. आता ते गोड काय आहे ते मला कोणी देईल का?"

मग जो गोंधळ उडाला! कोणी माझी पाठ थोपटत होतं, कोणी लांडाऊंच्या हातात द्रोणासारखा दुमडलेला कागद देत होतं, सॅमसनकाका तमारना एलियाहू हन्नबीची हकिगत खणखणीत हिब्रूत सांगत होते. मी कोणाकोणाच्या पाया पडलो आठवत नाही. कोणीतरी बहुधा लांडाऊंच्याही पाया पडायला लावलं.

त्या गर्दीतून सेगुलामावशी खोलीच्या डाव्या टोकाला निघाल्या. लोक बाजूला होत गेले. रिबकामावशी अजून बाकावरच होत्या, पर्स उराशी धरून, मान खाली. भावजय येऊन समोर उभी राहिली.

"ऊठ गो, म्हात्रीण," मग ती म्हणाली. "जिना उतरायचाय. मला हात कोण देणार?"

रिबकामावशींनी मान वर केली. डोळे भरून आले होते, पण जीभ तीच होती.

"का? घसा फोडून भाषणं करणारा होता ना तुझा नवरा? त्याला बोलाव," त्या म्हणाल्या, आणि हात दिला.